मागून येणारा मेणा

दुपारी मिसाओच्या टोफूच्या दुकानात सहसा गिऱ्हाईक नसायचं. टोफूचे ठोकळे थंड पाण्यात शांत पडून असायचे, मागच्या खोलीत सोयाबीनच्या चोथ्याचा गोडसर वास कोंडलेला असायचा आणि मिसाओ स्टुलावर बसून दुखरे गुडघे चोळत असायची. त्या दुपारी शेजारची उमेयो आली ती पायातल्या सपाता न बदलताच. सत्तरीकडे झुकलेली ही बाई घरातल्या सपाता घालून कधी रस्त्यावर पाऊल टाकायची नाही.

"ऐकलंस का?" ती म्हणाली. "आपला मेणा यंदा उघडा नेणारेत."

"उघडा म्हणजे?"

"पडदे वर बांधून. आत एक पोरगी बसवायची, नटवून थटवून. ती लोकांना हात हलवणार म्हणे."

मिसाओला आधी हसूच आलं. मग उमेयोच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि ते हसू विरलं.

कुझुहाशी गाव वर्षभर झोपलेलं असायचं आणि नोव्हेंबरात हारुतोकीमहाराजांच्या मिरवणुकीला जागं व्हायचं. भाले, ढोल, शिंगाड्या टोपांचे सरदार, घोड्यावर स्वतः महाराज. त्यांच्या लढाया शाळेतली पोरंही धडाधड म्हणून दाखवायची. त्यांच्या घोड्याचं नाव हायागुमो, त्याचा काशाचा पुतळा स्टेशनसमोर उभा आहे. महाराजांना एक धाकटी बहीण होती. तिचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. घोड्याचं राहिलं, तिचं राहिलं नाही. याचा मिसाओला लहानपणापासून राग होता.

तह पक्का राहावा म्हणून हारुतोकीनं या बहिणीला नदीपलीकडच्या शत्रूकडे ओलीस ठेवलं. आणि ती तिकडे असतानाच, तह मोडून, एका पहाटे पूल ओलांडून त्यानं हल्ला केला. जिंकला. शत्रूनं जाता जाता बहिणीला मारून परत पाठवून दिलं, बंद मेण्यात. मेणा पुलावर टाकून तिकडचे भोई पळून गेले, तेव्हा सुतारआळीतल्या लोकांनी तो खांद्यावर घेतला आणि गढीच्या दाराशी आणला. भाऊ बाहेर आला नाही. आत विजयाची मेजवानी चालली होती.

म्हणून मिरवणुकीच्या अगदी शेवटी, ढोल पुढे निघून गेल्यावर, सुतारआळीचा मेणा यायचा. रिकामा. पडदे खाली सोडलेले. रस्त्यावरची माणसं गप्प होऊन माना खाली घालायची. आणि गढीच्या जुन्या दाराशी, महाराजांचं सोंग घेतलेल्या माणसानं आसनावरून उठायचं, टोप काढायचा आणि मेणा समोरून जाईपर्यंत गुडघे टेकून राहायचं. अख्ख्या दिवसात महाराजांची मान खाली जायची ती तेवढीच. आळीत पुरुष उरले नाहीत तसा मेणा बायकांनी खांद्यावर घेतला होता. मिसाओ, उमेयो आणि न्हावीदुकानातल्या दोघी बहिणी.

"आणि महाराज उठणार की नाही?" मिसाओनं विचारलं.

"कुठले उठतायत! पोरगी खाली उतरणार आणि त्यांना साके ओतून देणार. जिंकून आलास म्हणून."

मिसाओनं एप्रन काढून खुंटीला टांगला, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ती तडक निघाली.

उत्सव समितीचे अध्यक्ष हिराइवा गावातल्या एकमेव मोठ्या हॉटेलचे मालक होते. दिवाणखान्यात नव्या चिलखताची खोकी उघडून ठेवली होती. यंदा महाराज तेच होणार होते. त्यांनी मिसाओला बसवलं, चहा मागवला. माणूस तोंडाचा गोड.

"मिसाओबाई, रागावू नका. पाहुण्यांना दुःख नको असतं हो. मोठ्या हौसेनं येतात बिचारे. त्यात आपला शूरवीर एका रिकाम्या खोक्यापुढे गुडघे टेकतो, हे त्यांना समजतच नाही."

"तुम्हाला समजतं का?"

हिराइवा हसले. "चारशे वर्षं होऊन गेली त्याला."

"मग तिच्या भावाची टिमकी कशाला वाजवता? त्यालाही चारशेच झाली."

"तसं नव्हे..."

"ज्यानं तिला मरायला धाडलं त्याच्या हातात ती पेला देणार? आणि हसून? लाज नाही वाटत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ते सगळं ठरलंय आता. तुमच्या आळीला उचलायचं नसेल तर सांगा, हॉटेलातली तरणी पोरं आहेत. आणि खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे... रुमी घरी बोलली नाही वाटतं?"

रुमी मिसाओची मुलगी. हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला होती.

त्या संध्याकाळी मिसो सूप निवून गेलं तरी कुणी वाटीला हात लावला नाही.

"मी सांगणार होते," रुमी म्हणाली.

"कधी? आत बसून हात हलवताना?"

"आई, अख्ख्या मिरवणुकीत एकच मुलगी आहे. आणि ती पडद्याआड. कायम. कुणी तिचं तोंड पाहिलेलं नाही. मी तिला उजेडात आणतेय, आणि तू माझ्यावरच चिडतेस!"

हे मिसाओला टोचलं, कारण त्यात तथ्य होतं. "उजेडात आणून काय करायला लावणार? भावाला दारू पाजायला?"

"एक मिनिटाचं तर काम आहे ते."

"तिच्या जागेवर बसू नकोस, रुमी."

"जागा रिकामी आहे, आई! रिकामं खोकं आहे ते!"

मेणा रिकामा असतो हे खरंच होतं. पण पुलावरून गढीकडे चढताना तो जो खांद्यावर बसायचा, ते ओझं लाकडाचं नव्हतं हे चौघींनाही ठाऊक होतं. लाखेचा मुलामा जड, लोखंडी पट्ट्या जड, असं त्या एकमेकींना सांगत. याच्यापुढे कुणी कधी बोललं नव्हतं.

तिनं मेणा उचलायचं नाकारलं नाही. रात्रभर चरफडली, सकाळी उमेयोला म्हणाली, "परक्या पोरांच्या खांद्यावर मी तो जाऊ देणार नाही. आणि माझी पोर त्यात असताना तर नाहीच."

मिरवणुकीच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. गिंकोची पिवळी पानं रस्ताभर सांडली होती, भाजलेल्या रताळ्यांचा वास येत होता. नदीपलीकडच्या जुन्या किल्ल्याच्या पटांगणावर तंबूत हॉटेलच्या बायकांनी रुमीला सजवलं. पांढरा रंग थापलेला चेहरा, लाल ओठ, एकावर एक चढवलेले किमोनो. तिला उचलूनच मेण्यात बसवलं, झगे मळू नयेत म्हणून. पडदे वर गुंडाळून लाल गोंड्यांनी घट्ट बांधले होते. मिसाओनं लेकीकडे बघितलं नाही. ती दांड्याखाली जाऊन उभी राहिली. सर्वांत पुढे उमेयो, तिच्या मागे, मेण्याला अगदी लागून, मिसाओ. पलीकडे त्या दोघी बहिणी.

"उचला," उमेयो म्हणाली.

मेणा वर आला आणि चौघींचा तोल गेला. इतका तो हलका होता.

"अगं," उमेयो मान न वळवता पुटपुटली, "आत माणूस बसलाय ना?"

"बसलीय."

"मग हे काय?"

दर वर्षी रिकामा मेणा उचलताना पाठीचा कणा करकरायचा. आज आत चांगली धडधाकट मुलगी होती, तिचे जड झगे होते, आणि दांडा खांद्यावर नुसता टेकल्यासारखा होता. तिच्या मनात आलं, ती आली नाही. रुसली. का येईल ती?

आणि मग तिला स्वतःचाच संताप आला. चारशे वर्षं जी बाई न चुकता यायची, तिला या लोकांनी एका दुपारच्या तमाशासाठी हाकलून लावलं होतं. त्यात आपणही दांड्याला खांदा दिलाय.

बाजारपेठेत गर्दी दाटली होती. "हिमेसामा, राजकुमारी, इकडे बघा!" लोक ओरडत होते. फोन वर झाले होते. रुमी हात हलवत होती, तिच्या रेशमी बाह्यांची सळसळ मिसाओच्या पाठीमागेच होत होती. मध्येच ती हळूच म्हणाली, "आई, खांदा दुखतोय का?"

"गप्प बस," मिसाओ म्हणाली.

पुढे लाउडस्पीकरवर निवेदक बाईचा खिदळता आवाज सारखा चालू होता. ढोल वाजत होते. पूल आला.

पुलाच्या मध्यावर बाह्यांची सळसळ थांबली.

वारा नव्हता. खाली नदी उथळ वाहत होती, दगडांवरून. मिसाओला मागून रुमीचा आवाज आला. अगदी खालचा, कुणाच्या तरी बोलण्याला उत्तर द्यावं तसा.

"हो," रुमी म्हणाली. आणि जरा वेळानं, "हो, हो."

मग कापडाचा आवाज झाला. बसगाडीत कुणी शेजारी बसायला आलं की आपण जसं सरकून घेतो, तसा.

आणि मेणा जड झाला.

हिसका बसला नाही. ओझं सावकाश उतरलं, खांद्यावर, पाठीत, गुडघ्यांत. मिसाओच्या ओळखीचं ओझं. दर वर्षीचं. पुढे उमेयोची मान खाली गेली. "आली गं बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज घाबरल्यासारखा नव्हता, सुटल्यासारखा होता.

"रुमी!" मिसाओनं हाक मारली.

उत्तर नाही.

भोयाला मागे वळून बघता येत नाही. दांडा मान अडवतो. मिसाओला फक्त समोरचे लोक दिसत होते, दोन्ही कठड्यांना चिकटून उभे राहिलेले. बाहेरगावचे, बसगाड्या भरून आलेले. या मेण्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी एकेका माणसाचा फोन खाली येत होता. एक लठ्ठसा माणूस हसत हसत काहीतरी ओरडणार होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं, मग मिटलं. त्यानं टोपी काढली. बायकांनी लेकरांचे हात धरले. पुलापासून गढीपर्यंत, मेणा पुढे सरकेल तशा माना खाली जात राहिल्या. चौघींच्या पायांखाली पानं वाजत होती, तेवढाच आवाज.

पुढचे ढोलही थांबले होते. कुणी थांबवले, ते नंतर कुणाला सांगता आलं नाही.

गढीच्या दाराशी, खडीच्या चौकात, हिराइवा आसनावर बसले होते. सोनेरी पट्ट्यांचं चिलखत, टोपावर हरणाची शिंगं. गळ्यापाशी छोटा माइक लावला होता. शेजारी तबकात साकेची सुरई.

"आणि आता," निवेदक बाई म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता, "आता हिमेसामा... आपल्या विजयी भावाला..."



मेणा खाली टेकला. मिसाओ दांड्याखालून निघाली आणि वळली.

पडदे खाली होते.

चारही बाजूंचे. लाल गोंडे सुटलेले नव्हते. ते वरच, आपापल्या गाठींत तसेच बांधलेले होते. आणि पडदे खाली होते.

"हे काय?" हिराइवा दात न उघडता म्हणाले. "मिसाओबाई, वर करा ते."

"मी नाही."

"लोक बघतायत."

"बघू द्या."

ते उठले. लोकांकडे बघून हसले, हात पसरले, जणू हा खेळाचाच भाग. चिलखत वाजवत मेण्यापाशी आले, वाकले आणि दोन बोटांनी पडदा बाजूला केला.

मिसाओ बाजूला होती. तिला आतलं दिसत नव्हतं. त्यांचा चेहरा दिसत होता.

हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि त्यामागचा माणूस निघून गेला.

त्यांनी टोप काढला. तो हातातून खडीवर पडला. गुडघे टेकले, मग हात, मग कपाळ. माइक चालू होता. सबंध रस्त्यावरच्या लाउडस्पीकरांतून त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. मग आवाज. हिराइवांचाच, पण त्यांचा तो गोडवा त्यात नव्हता.

"मी आलो असतो," ते म्हणाले. "मी येणारच होतो."

कुणी हललं नाही.

"उठतच होतो मी. पाहुणे होते आत. मी येणारच होतो बाहेर."

लाउडस्पीकर खरखरले. आणि त्या खरखरीत, सगळ्या गावानं ऐकला, एक हुंकार. छोटासा, नाकातून काढलेला. ही असली सबब देणाऱ्या माणसाकडे बघून कुणीही काढेल तसा.

हिराइवांचं कपाळ खडीत आणखी रुतलं.

पण आत मिसाओची पोर होती. ती पुढे झाली, पडद्याला हात घातला. तिनं मान खाली घातली आणि म्हटलं, "माफ करा. माझ्या मुलीला नेते."

मग तिनं पडदा उचलला.

आत रुमी होती. एकटीच. पण मधोमध नव्हती. एका कडेला अंग चोरून, लाकडाला खांदा चिकटवून बसली होती आणि उरलेली निम्मी गादी मोकळी होती. मिसाओनं तिला ओढून बाहेर घेतलं, उचललं आणि पाठीवर टाकलं, लहानपणी टाकायची तसं. गर्दीनं वाट करून दिली.

दोन माणसांनी हिराइवांना उचलून नेलं. त्यांच्या कपाळावर खडीचे वळ उमटले होते. चिलखताच्या वजनानं चक्कर आली, असं हॉटेलकडून सांगण्यात आलं. आत काय पाहिलं, हे त्यांनी कधीच, कुणालाच सांगितलं नाही. ढोल पुन्हा वाजले नाहीत. उमेयोनं दोघी बहिणींना हाताशी घेऊन पडदे सारखे केले, वाटेतल्या एका शिक्षकाला खांदा द्यायला लावला आणि मेणा आळीत परत आणला. तो पिसासारखा हलका होता, असं तिनं सांगितलं.

घरी पोचेपर्यंत डोंगरामागे ऊन कलायला लागलं होतं. मिसाओनं गरम पाण्यात टॉवेल पिळून लेकीच्या तोंडावरचा पांढरा रंग पुसून काढला. खालून तिची रुमी निघाली. थकलेली, पण डोळे शांत.

"काय झालं गं आत?"

"ती म्हणाली, सरक जरा. मी सरकले."

"पाहिलंस तिला?"

"नाही. बघावंसं वाटलं नाही. म्हणजे भीती नाही... बघणं बरं दिसलं नसतं." तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "आई, मला वाटायचं ती रडत असेल. सगळी गाणी तशीच आहेत ना तिची, रडकी. ती रडत नव्हती. चिडली होती. पुलापासून गढीपर्यंत नुसती धुमसत होती. तू धुमसतेस ना, अगदी तशी."

मिसाओनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुझ्यावर?"

"नाही. मला म्हणाली, पाय गार पडलेत." रुमीला जांभई आली. "बस्स. आणखी काही नाही."

ती तिथेच, बसल्या जागी कलंडली. मिसाओनं तिच्यावर रजई ओढली. पाय झाकताना तिला दिसलं की पोर अनवाणी आहे. पांढरे अंगठ्याचे मोजे मेण्यात किंवा रस्त्यात गळाले असतील, उद्या हॉटेलवाले मागतील, मागू देत. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तिनं मनात जुळवलंही. मग ती खिडकीपाशी बसून किमोनो झाडून घड्या घालू लागली.

सर्वांत आतल्या झग्याच्या बाहीत काहीतरी होतं. तिनं हात घालून काढलं.

मोजेच होते. पण रुमीचे नव्हते. हल्लीच्या मोज्यांना घोट्यापाशी पितळी आकडे असतात. हे मऊ, काळपट कातड्याचे होते, आणि घोट्याला नाड्यांनी बांधलेले. नाड्यांच्या गाठी आवळलेल्या होत्या, सोडलेल्या नव्हत्या.

तिनं ते उजेडात धरले. मिरवणुकीच्या चित्रांत, साकेच्या बाटल्यांवर, शाळेच्या नाटकात, सगळीकडे ती एक उभीच्या उभी तरुण बाई असायची. उंच, लांब केसांची. हे दोन्ही मोजे मिसाओच्या एका तळहातावर मावले. सहा-सात वर्षांच्या पोरीचे असावेत तेवढे.

तिनं एकात बोट घातलं. आत अजून ऊब होती.